कुतूहलाची भाषा

भिलईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून त्याची उष्णता ओळखण्याची विद्या तेथील भट्टी-कामगाराला अनुभवानेच अवगत होते. प्रथम काळपट लाल, मग नारिंगी, मग पिवळा आणि अखेरीस डोळे दिपविणारा पांढरा, हा क्रम त्याला कोणी पुस्तकातून शिकवावा लागत नाही. अशा कामगाराच्या मुलाने थंडीतल्या रात्री आकाशाकडे पाहून विचारले, की मृगातील काक्षी तांबूस आणि जवळचा व्याध निळसर पांढरा का, तर त्या प्रश्नाचे उत्तर वस्तुतः त्याच्या घरातच आहे. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेतीन हजार केल्विन, तर व्याधाचे सुमारे दहा हजार केल्विन आहे. जो नियम भट्टीतील लोखंडाला लागू, तोच ताऱ्यालाही लागू.

असे असूनही हे उत्तर मुलापर्यंत क्वचितच पोहोचते, आणि त्याचे कारण भाषेच्या व्यवहारात शोधावे लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती; तेव्हापासूनची आणि कारखान्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे या परिसरात आहेत. त्यांच्या घरी मराठी, बाजारात हिंदी व छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी अथवा इंग्रजी, अशी मुलाच्या दिवसाची वाटणी झालेली असते. प्रश्न घरच्या भाषेत सुचतो. उत्तर मात्र परक्या परिभाषेच्या कुलपात राहते. वडिलांजवळ अनुभव असतो, शिक्षकाजवळ सूत्र असते. या दोहोंची गाठ घालून देणारे वाक्य कोणाजवळच नसते.

विज्ञान सर्वत्र एकच असल्याने त्याची भाषाही एकच असावी, असा युक्तिवाद यावर केला जातो. संशोधनापुरते त्यात तथ्य आहे. परंतु कुतूहल ही संशोधनाची नव्हे, तर संशोधकाच्या जन्माची अवस्था आहे, आणि ती मातृभाषेतच बोलू लागते. त्या अवस्थेत जी भाषा निरुत्तर राहते, ती पुढे केवळ सणासमारंभाची आणि आठवणींची भाषा होऊन बसते. भिलईसारख्या ठिकाणच्या मराठीपुढे हा धोका काल्पनिक नाही.

या कामाचे दोन आदर्श आपल्यासमोर आहेत. भिलई ज्या मध्य प्रदेशात तेव्हा होती, त्याच राज्यात १९७२ मध्ये सोळा शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात ‘सवालीराम’ नावाचे एक कल्पित पात्र होते. खेड्यापाड्यांतील मुले त्याला आपल्या हिंदीत पत्रे लिहीत आणि त्यांना हिंदीतच उत्तरे जात. २००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला. पण मुलाच्या प्रश्नाला पत्रोत्तराचा मान देण्याची ती रीत विसरण्याजोगी नाही. दुसरा आदर्श डॉ. जयंत नारळीकर यांचा. व्याख्यानानंतर स्वाक्षरीसाठी गर्दी करणाऱ्या मुलांना ते सांगत, की स्वाक्षरी हवी असेल तर पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. विश्वरचनेवर जगन्मान्य संशोधन करणाऱ्या या शास्त्रज्ञाने शाळकरी मुलांच्या पत्रव्यवहाराला कमी लेखले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आज उत्तर क्षणार्धात पडद्यावर उमटते. मग हा खटाटोप कशासाठी, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर असे, की माहिती देणे आणि प्रश्नाचे समाधान करणे या भिन्न गोष्टी आहेत. ‘गुरुत्वाकर्षणामुळे’ किंवा ‘प्रकाशाच्या विकिरणामुळे’ असा एक शब्द मुलाच्या हाती ठेवला, तर प्रश्नाला केवळ नाव मिळते. खरे उत्तर विचारणाऱ्याच्या परिसरापासून निघते आणि त्याला स्वतः पडताळा घेता येईल अशा जागी आणून सोडते. सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो, या प्रश्नाला ‘रोज दुपारी बारा वाजता’ हे रूढ उत्तर चुकीचे आहे. भिलई सुमारे २१.२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथे सूर्य वर्षातून दोनदाच माथ्यावर येतो : एकदा मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास. जुलैत ढगांचा भरवसा नसतो; परंतु मे महिन्यात अंगणात उभी रोवलेली काठी मध्यान्ही आपली सावली कशी गिळते, हे कोणत्याही मुलाला पाहता येईल.

उत्तर देणाऱ्याकडून आणखी एक अपेक्षा असते. निश्चित ज्ञान कोणते आणि मत कोणते, हे त्याने वेगळे करून सांगावे. विश्वाची उत्पत्ती महास्फोटातून झाली, हे बहुसंख्य शास्त्रज्ञांना मान्य आहे. नारळीकरांनी मात्र फ्रेड हॉइल यांच्यासह भिन्न सिद्धांत मांडला आणि अल्पमतात राहूनही त्याचा पाठपुरावा केला. पुरावा बहुमताच्या बाजूने बलवत्तर आहे. तथापि विज्ञानात मतभेद कसा मांडला जातो, हेही मुलाला कळले पाहिजे.

१९५७ मध्ये, भिलईच्या कारखान्याची उभारणी चालू असताना, हॉइल, फाउलर आणि बर्बिज दांपत्य यांनी मूलद्रव्ये ताऱ्यांत कशी घडतात याविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून भट्टीत येणारे लोह सूर्याच्या जन्मापूर्वीच्या ताऱ्यांत आणि त्यांच्या स्फोटांत निर्माण झाले आहे. पाळीवरून परतलेल्या पित्याला मुलाने सहज विचारावे, ‘बाबा, हे लोखंड मुळात आलं कुठून?’ आणि पित्याला खाणीपाशी न थांबता ताऱ्यापर्यंत मराठीत जाता यावे, एवढी सोय करून देणे हे विद्यापीठांतील मराठी विभागांचे आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांचे काम आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. मुलांचे प्रश्न नियमितपणे मागवावेत, जाणकाराकडून सोप्या मराठीत उत्तरे लिहून घ्यावीत आणि प्रत्येक प्रश्नाखाली विचारणाऱ्याचे नाव छापावे. आरंभासाठी इतके पुरेसे आहे.