मिनिटाला आठ शब्द

नागपूर–नागभीड नॅरोगेज गाडी 2019 साली रुंदीकरणासाठी बंद झाली. अडीच फुटी रुळांवरच्या त्या गाडीची हळहळ इकडे अजून आहे. पण रुंद रुळांवर गाडी सुरू झाल्यावर खिडकीवरचा बाबू म्हणाला, ‘आधी जुन्या डब्यात लोंबकळून दाखवा, मग तिकीट,’ तर? हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅमच्या परवान्यात साधारण हेच चालत आलं.

1978च्या नियमांत परवान्याच्या दुसऱ्या श्रेणीला मोर्स, म्हणजे टिंब-रेषांची सांकेतिक लिपी, मिनिटाला 5 शब्द, पहिल्या श्रेणीला 12. पुढे रिस्ट्रिक्टेड परवाना मोर्सविना मिळू लागला; वरच्या जनरल परवान्यासाठी मात्र 8 शब्द राहिले. पाच अक्षरांचा एक शब्द, म्हणजे मिनिटाला 40 अक्षरं कानानं टिपायची, बोटानं पाठवायची. तिकडे 2003च्या जिनिव्हा परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली, 2007 मध्ये अमेरिकेनंही ती काढली. आपण काय केलं? 2013च्या जुलैत तारसेवाच मोडीत काढली. (ती तोवर मोर्सवरून जातही नव्हती, ही आणखी गंमत.)

मोर्सला नावं ठेवायची नाहीत. आवाज खरखरीत बुडतो तिथंही कट्ट-कडकट्ट ऐकू येतं. घरी जोडलेला चिमुकला सेट आणि एक बॅटरी एवढ्यावर समुद्रापार बोलणं होतं. जंगलात रेंज शोधत झाडावर चढणाऱ्याला याचं मोल सांगायला नको. पण ही गोडी आहे, टोलनाका नव्हे. भजनी मंडळात कोपऱ्यात बसलेल्या पोराच्या हाती आधी टाळ देतात. ठेका चुकला तर बुवा डोळ्यांनी दटावतात, पण टाळ हिसकावून घेत नाहीत. हॅममधल्या काही बुजुर्गांना मात्र ‘व्हीयू-थ्री’ने सुरू होणारी हाक-खूण (कॉलसाइन) ऐकली की लगेच कळतं, हा रिस्ट्रिक्टेडवाला, म्हणजे अजून कच्चा! मग ‘सीक्यू, सीक्यू’, म्हणजे ‘कुणी ऐकतंय का’, अशी साद घालून पोराचा घसा बसतो आणि उत्तर काही येत नाही. नवी माणसं येत नाहीत ही तक्रारही पुन्हा याच बुजुर्गांची.

मोर्स एकवेळ दोन-तीन महिन्यांच्या रियाजानं जमेल. त्यापुढचं काय? परीक्षेला नागपूर गाठा, अर्ज करा, पोलीस पडताळणीची वाट बघा. त्यातून चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात घरावर बांबू रोवून अँटेनाची वीस मीटर तार ताणली, की परवाना हातात असला तरी पहिला प्रश्न पोलीस पाटलाचा, दुसरा शेजारणीचा: ‘कपडे वाळवायला एवढ्या उंच कशाले बांधली जी?’ त्यांना समजावायला मिनिटाला आठ शब्द पुरत नाहीत.