साहेबी जाच आणि कायद्याचे मौन

कळव्याहून ठाणे-बेलापूर मार्गाला लागले की महाराष्ट्राच्या औद्योगिक जीवनातील स्थित्यंतर काही मैलांतच डोळ्यांपुढून सरकते. मफतलालचा कारखाना कधीच बंद पडला. पुढे ऐरोली-घणसोलीकडे काचेच्या भिंतींची संगणक-कार्यालये उभी राहिली. भोंग्याबरोबर कारखान्यात शिरणाऱ्या कामगाराचा मुलगा आता गळ्यात ओळखपत्र अडकवून त्या कार्यालयांची वाट धरतो. त्याचा पगार बापापेक्षा मोठा आहे; पण वरिष्ठाच्या जाचाविरुद्ध बापाला जे संरक्षण होते ते मुलाला नाही, ही या स्थित्यंतराची दुर्लक्षित बाजू होय.

प्रथम कडक साहेब आणि जाचक साहेब यांत भेद केला पाहिजे. कडक साहेब चूक दाखवितो, ती सर्वांना सारखीच दाखवितो आणि काम संपले की विषयही संपवितो. जाचक साहेबाचा रोख कामावर नसून माणसावर असतो. चारचौघांत पाणउतारा, तोंडी हुकूम देऊन मागाहून त्याचा इन्कार, रजेच्या अर्जावर मौन, श्रेय स्वतःकडे आणि दोष हाताखालच्याकडे हे एखादे वेळी घडले तर तो स्वभावदोष मानता येईल. तेच महिनोन्महिने एकाच व्यक्तीच्या वाट्याला येत राहिले, तर ती छळाची पद्धत ठरते.

हा छळ नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांतील जॉबर हा त्याचा पूर्वज. कामावर घेणे, काढून टाकणे, बदली कामगार उभा करणे ही सारी सत्ता त्याच्या एकट्याच्या हाती असे आणि तिची किंमत तो दस्तुरीच्या रूपाने वसूल करी. 1931 साली शाही मजूर आयोगाने या प्रथेवर ठपका ठेवला आणि 1935 पासून गिरण्यांत बदली नियंत्रण योजना आली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, जॉबरला सौजन्याचे धडे देऊन सुधारणा झाली नाही. त्याच्या हातातील सत्ता काढून घ्यावी लागली.

हीच दृष्टी महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघ मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंधक कायद्यामागे होती. सूडबुद्धीने केलेली बडतर्फी, दुष्ट हेतूने केलेली बदली, गुणवत्ता न पाहता केलेला पक्षपात यांना त्या कायद्याने अनुचित प्रथा असे नाव दिले. सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली देव दत्त खटल्यात गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा संबंधितास कळविणे बंधनकारक ठरविले. अंधारात लिहिलेल्या शेऱ्याची धार त्यामुळे बोथट झाली.

खासगी कार्यालयातील अधिकारी मात्र यांपैकी कशातच बसत नाही. व्यवस्थापकीय काम करणारा कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ नव्हे. देखरेख करणाऱ्यासाठी 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने दरमहा 18,000 रुपयांची मर्यादा घातली. न्यायालये हुद्दा न पाहता प्रत्यक्ष काम पाहतात हे खरे. पण ते सिद्ध करण्यात वर्षे जातात आणि नोकरी तोवर थांबत नाही. 2013 च्या कायद्याने स्त्रियांना लैंगिक छळाविरुद्ध दाद मागण्याची सोय केली, तीही त्या मर्यादेपुरतीच.

2024 साली पुण्यात एका तरुण सनदी लेखापाल स्त्रीचा मृत्यू झाला आणि तिच्या आईने कामाच्या असह्य ताणाचा आरोप करणारे पत्र कंपनीला लिहिले, तेव्हा ही पोकळी देशाला दिसली. कंपनीने आरोप अमान्य केला. परंतु असा ताण कोणी मोजावा, कोणाकडे सांगावा, याचे उत्तर व्यवस्थेत नव्हतेच. जपानने 2019 साली वरिष्ठाकडून होणारा छळ रोखणे मालकांवर बंधनकारक केले. त्याच वर्षी पॅरिसच्या न्यायालयाने फ्रान्स टेलिकॉमच्या माजी प्रमुखांना, छळ हेच कंपनीचे धोरण बनविल्याबद्दल दोषी ठरविले. दोष व्यक्तीच्या तापटपणात नसून कारभाराच्या रचनेतही असू शकतो, हे तेथे मान्य झाले.

आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत जाच सोसणाऱ्याने काय करावे? तोंडी हुकूम मिळाल्यावर ‘आपण सांगितल्याप्रमाणे’ असे लिहून त्याची नोंद करावी. प्रसंग तारीखवार टिपून ठेवावेत आणि ती टिपणे कार्यालयाबाहेर राहू द्यावीत. सहकाऱ्यांशी बोलावे, कारण एकटे पाडणे हे जाचाचे पहिले हत्यार असते. झोप उडू लागली तर वैद्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये. संतापाच्या भरात राजीनामा मात्र देऊ नये. दुसरी नोकरी हाती घेऊन बाहेर पडणे हा पराभव नव्हे.

तरीही या शहाणपणाला मर्यादा आहेत. घराचे हप्ते डोक्यावर असलेल्याला धीराचा उपदेश करून कोणत्याही कंपनीची जबाबदारी संपत नाही. रजा, वेतनवाढ, बदली आणि वार्षिक मूल्यमापन ही चारही हत्यारे एकाच हाती ठेवावयाची आणि वर सौजन्याची व्याख्याने भरवावयाची, हा विनोद थांबला पाहिजे. मूल्यमापन किमान दोघांनी करावे, त्याची प्रत संबंधितास द्यावी आणि तक्रार त्याच साहेबाच्या टेबलावरून जाऊ नये, एवढे नियम करण्यास संसदेची वाट पाहावी लागत नाही. जॉबरची सत्ता मोडावयास गिरणगावाला दशके लागली. त्यातून मिळालेला धडा कळव्याच्या पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागू नये.