दिवे बॅटरीवर नव्हे, अल्टरनेटरवर चालतात

संपादक महाशय,

जादा दिव्यांमुळे ट्रकच्या बॅटऱ्या उतरतात, सबब मोठ्या बॅटऱ्या बसवाव्यात, हा आपल्या गेल्या अंकातील लेखकाचा सल्ला मुळातच चुकीचा आहे. बॅटरी वीज साठविते. निर्मिती अल्टरनेटरची, आणि त्याच्यावरील आकडा इंजिन वेगात फिरत असतानाचा असतो. आमच्याकडे उसाचा ट्रक रात्री फडात उभा राहून भरला जातो, तेव्हा इंजिन मंद चालते, निर्मिती घटते, आणि ७० वॅटचे सहा दिवे २४ व्होल्टवर १७.५ अँपियर मागत राहतात. ही तूट बॅटरी, ती कितीही मोठी असो, किती वेळ सोसणार? इलाज म्हणजे मंद गतीतही पुरेसा प्रवाह देणारा अल्टरनेटर, त्याच्या भाराला साजेसा पट्टा, बॅटरीपर्यंत जाड तार, आणि दिव्यांना स्वतंत्र रिले व फ्यूज. जुनी बारीक तार तशीच ठेवली, तर टोकाशी तिचे वेष्टण काळे पडून वितळू लागते. एलईडीने मागणी बरीच घटते, याचा लेखात उल्लेखही नाही.

दिवे ही चालकांची हौस, हे विधान तर अन्यायाचे आहे. डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढणाऱ्या मजुराला पाऊल कोठे पडते ते दिसलेच पाहिजे. रस्त्यावर ते विझवावेत, एवढे मान्य.

दुरुस्ती पुढील अंकी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाहन-वीजतंत्री
चुडावा (जि. परभणी)