गाणाऱ्या वर्गाला मुके कोणी केले?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, अभिनंदनाचे फलक लागले. ते योग्यच होते. परंतु जिचे अभिजातत्व आपण मिरवतो, ती भाषा पाचवीतल्या मुलाला अस्खलित वाचता येते काय? ‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी पाचवीची मुले २०१८ साली ५०.५ टक्के होती. २०२२ साली ती ४२.८ टक्क्यांवर घसरली. महामारीत शाळा बंद होत्या हे मान्य. पण त्यापूर्वीही निम्मी मुले अडखळत होती, त्याचा दोष कोणाच्या माथी मारणार?

‘घोकंपट्टी’ म्हणून हेटाळणी करीत आपल्या शिक्षणपंडितांनी पाठांतराची प्रतिष्ठा घालवली. अर्थ न कळता घोकणे त्याज्यच आहे. परंतु कविता तालासुरात म्हणताना मूल ऱ्हस्व-दीर्घ कानाने ओळखते, जोडाक्षर जिभेवर घोळवते, यमकातून ध्वनींचे साम्य हेरते. तीच कविता पुस्तकात समोर आली की ओळीवरून फिरणाऱ्या बोटाला शब्द ओळखीचे वाटू लागतात. हरिपाठ मुखोद्गत असलेला वारकरी पोथी उघडतो, तेव्हा हेच घडते.

हे शहाणपण परके नाही. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून गोष्टींपासून आरंभ करतो आणि वर्गात वाचनालय उभे करतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात बडबडगीते आणि गोष्टींना मानाचे स्थान होते. आपण या थोरांच्या जयंत्या साजऱ्या करतो. त्यांची पद्धत मात्र वेळापत्रकात बसत नाही!

शाखेत ओळीओळीने शिकलेले पद्य साठीतही ओठांवर येते, हा प्रत्येक स्वयंसेवकाचा अनुभव. तरीही आपल्यापैकी किती जणांची नातवंडे घरी मराठी कविता म्हणतात? पाहुण्यांपुढे इंग्रजी गाणे म्हणणाऱ्या बालकाचे कौतुक करणारे घर मराठीच्या ऱ्हासाबद्दल सरकारला कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

मात्र नुसत्या गायनाने साक्षरता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. गाण्यापाशीच थांबणारा वर्ग पोपट घडवतो. गाण्याविना अक्षरे गिरवणारा वर्ग वाचनाचा कंटाळा शिकवतो. म्हणून पहिली ते चौथीच्या प्रत्येक वर्गात रोज अर्धा तास राखून ठेवावा: दहा मिनिटे सामूहिक गायन, दहा मिनिटे त्याच कवितेचे बोट ठेवून वाचन आणि उरलेली दहा मिनिटे नव्या गोष्टीच्या पुस्तकासाठी. यासाठी ना संगणक लागतो, ना विशेष निधी. लागतो तो गाणारा शिक्षक आणि हाताशी पुस्तके.

शासन करील तेव्हा करील. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या शाळेत आठवड्यातून एक तास द्यावा. मातापित्यांनी रात्री दिवे मालवण्यापूर्वी एक कविता म्हणावी, एक पान वाचावे. अभिजाततेचा ताम्रपट दिल्लीहून आला. ती भाषा मुलांच्या ओठी आणि डोळ्यांपुढे आणण्याचे दायित्व आपलेच आहे.