ते मंगळसूत्र कोणी विकायला लावले?

सीमाभागातल्या कोणत्याही मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाला जा. पाहुण्यांच्या भाषणात एक प्रसंग हमखास येतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलांना शिजवून घालायला धान्य उरले नाही आणि लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. येथे वक्त्याचा आवाज जड होतो. पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. टाळ्या पडतात, आणि मग पाहुण्यांना शाल, श्रीफळ व चहा.

लक्ष्मीबाईंबद्दल एक अक्षर उणे काढण्याची आमची प्राज्ञा नाही. आमचे भांडण आहे ते टाळ्यांशी. मंगळसूत्र मोडावे लागले याचा सरळ अर्थ असा की, त्या दिवशी ज्यांच्या घरी कणग्या भरलेल्या होत्या त्यांतल्या कोणालाही ती मुले आपली वाटली नाहीत. हा प्रसंग एका बाईच्या मोठेपणाचा जेवढा, तेवढाच समाजाच्या कद्रूपणाचा आहे. आपण पहिला अर्धा रंगवून सांगतो आणि दुसरा अर्धा चहाबरोबर गिळतो. कुंभोजच्या ज्या मातीतून भाऊराव आले ती माती आपल्यापासून दूर नाही. त्यांचा जन्म १८८७ चा, रयत शिक्षण संस्था १९१९ ची. त्यानंतर एवढा काळ लोटला, तरी सेवा करणाऱ्याची बायको दागिना मोडते तेव्हाच आपल्याला सेवा खरी वाटते. हे कसले वेड म्हणायचे?

सेवकाने उपाशी राहावे, ही समजूत आपल्या थोरांची मुळीच नव्हती. पुण्याच्या मंडळींनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी केली. तिच्यात आजीव सभासदांची पद्धत होती. वीस वर्षे संस्थेची चाकरी आणि महिना ७५ रुपये वेतन. सरकारी नोकरीत या विद्वानांना कितीतरी अधिक मिळाले असते. तेव्हा त्याग होताच. पण तो मोजलेला, कागदावर लिहिलेला आणि दोन्ही बाजूंनी कबूल केलेला त्याग होता. सभासदाने इतकी वर्षे द्यायची, संस्थेने इतके रुपये द्यायचे. कोणी कोणावर उपकार करीत नव्हते.

आणि हीच मंडळी पैशावरून भांडलीही. लोकमान्य टिळक १८९० साली संस्थेतून बाहेर पडले, त्यामागे जी कारणे होती त्यांत वेतनाचा आणि बाहेरच्या कामांचा वाद प्रमुख होता. जेझुइट पाद्र्यांप्रमाणे सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कमाई करू नये, हा टिळकांचा आग्रह. एवढ्यात भागत नसेल तर थोडी मोकळीक हवी, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. कोण बरोबर होते याचा निवाडा येथे करीत नाही. ध्यानात घ्यायचे ते एवढेच की, दोन्हींपैकी एकाही पक्षाने 'वेतनच नको, आम्ही वारा पिऊन राहू' असे म्हटले नाही. आजच्या एखाद्या संस्थेत शिक्षकाने सभेत उठून पगाराचा विषय काढला, तर 'यांना ध्येयवाद उरला नाही' म्हणून माना हलतील. त्या हिशेबाने आगरकर, टिळक, गोखले सगळेच ध्येयशून्य ठरतात!

गोखले १९०२ साली फर्ग्युसनमधून निवृत्त झाले ते महिना ३० रुपये पेन्शनवर. रक्कम लहान होती, पण ती ठरलेली होती, आणि तिच्या आधारावर हा माणूस उरलेले आयुष्य देशाला देऊ शकला. पुढे १९०५ च्या जूनमध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापला. त्याच्या सभासदाला ज्या सात शपथा घ्याव्या लागत त्यांतली एक पैशाची होती. स्वतःसाठी पैसा मिळविण्यात शक्ती खर्च करायची नाही, आणि संस्था आपली व आपल्या कुटुंबाची जी तरतूद करील तीत समाधान मानायचे. यातला 'कुटुंबाची' हा शब्द पुन्हा वाचावा. शपथ सेवकाला बांधते, पण त्याच्या बायकोमुलांना वाऱ्यावर सोडत नाही.

अण्णासाहेब कर्व्यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. हिंगण्याचा आश्रम उभा राहत होता त्या काळात ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत होते; १८९१ पासून १९१४ पर्यंत. म्हणजे त्या थोर कामाच्या पायाखाली एक नियमित पगार होता. तो नसता तर आश्रमाचे काय झाले असते, हे भाषणात कोणी सांगत नाही. आणि पगाराचा मोठा वाटा आश्रमाकडे वळल्यावर घर कसे चालले, हे समजून घ्यायचे असेल तर बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' उघडावे. थोर माणसाच्या संसाराची दुसरी बाजू त्या माउलीने न लाजता सांगितली आहे. सत्कार समित्यांच्या सदस्यांना ते पुस्तक सक्तीने वाचायला लावावे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

आपल्या जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे घ्या. ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून १९०३ साली परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. धर्माचे काम करणाऱ्याला पगार द्यावा, यात त्या समाजाला काही वावगे वाटले नाही. पुढे १९०६ साली शिंद्यांनी अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी मिशन काढले, १९१० साली समाजाची चाकरी सोडली आणि सगळा भार त्या कामावर घातला. बहीण जनाक्का त्यांच्याबरोबर राबली. एका माणसाच्या मागे अख्खे घर सेवेला जुंपले जाते, आणि मानपत्रावर नाव मात्र एकाचेच येते, ही आपली जुनी रीत आहे.

आता आजचे पाहा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सीमाभागातील एका संस्थेचे वाचनालय तीस-बत्तीस वर्षे सांभाळत होते. नाव सांगत नाही, संस्थेचेही सांगत नाही. पण अशी माणसे वाचकांच्या गावीही असतील. त्यांना मिळे ते 'मानधन'. निवृत्तीच्या दिवशी त्यांना मानपत्र मिळाले, सुंदर अक्षरातले, चौकटीत बसविलेले. फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. पुढे ते आजारी पडले तेव्हा त्याच समितीने मदतनिधीची पावतीपुस्तके छापली! जे हक्काने द्यायचे होते ते भीक म्हणून गोळा केले, आणि देणाऱ्यांनी पुन्हा आपलीच पाठ थोपटून घेतली.

'मानधन' हा शब्दच मोठा धूर्त आहे. धन कमी पडले की मान वाढवायचा. सरकारनेही ही युक्ती आपल्यापासूनच उचलली असावी. अंगणवाडी योजना १९७५ सालची. गावोगाव मुलांना खाऊ घालणारी, वजने घेणारी, नोंदी ठेवणारी ती बाई 'सेविका' ठरली. नोकर ठरली असती तर पगार द्यावा लागला असता. या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला २०२२ साल उजाडावे लागले, आणि तेही सर्वोच्च न्यायालयात. कायद्याने जे मान्य केले ते आपल्या मराठी संस्थांच्या कार्यकारिणीला कधी मान्य होणार?

येथे एक आक्षेप येतो, तो ऐकला पाहिजे. 'पगार आला की नोकरशाही आली, मग निष्ठा कुठली?' आक्षेप घेणारे बहुधा स्वतः भरपगारी निवृत्त असतात, हे सोडून देऊ. पण खरी गोष्ट उलटी आहे. ठरलेले वेतन नसते तेथेच हिशेब धूसर होतो. ज्याने सर्वस्व दिले त्याला कोण हिशेब विचारणार? मग संस्थापकाचा त्याग मुलाच्या खात्यावर जमा होतो, नातवाला त्याचे व्याज मिळते, आणि सार्वजनिक देणगीवर उभी राहिलेली इमारत एका घराण्याची होऊन बसते. असे शिक्षणमहर्षी आपण दोन्ही भाषांत पाहिले आहेत. गाडगेबाबांनी एवढ्या धर्मशाळा बांधल्या, पण त्या विश्वस्तांच्या हाती सोपविल्या. स्वतःच्या नातलगांना त्यांत हात घालू दिला नाही. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण हिशेब पक्का कळत होता.

उरला प्रश्न पैसे आणायचे कोठून, हा. आपल्या शेजारच्या कन्नड माणसाकडे जरा पाहायला काय हरकत आहे? भाषेचा तंटा आपल्या जागी राहू द्या. तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामी २०१९ साली १११ व्या वर्षी गेले. त्यांच्या मठात हजारो मुले विनामूल्य राहून शिकत आली. बेळगावच्या नागनूर रुद्राक्षी मठाच्या प्रसादनिलयात शिकलेली माणसे तर आपल्या ओळखीत असतील. हे चालते ते दासोहाच्या कल्पनेवर. स्वामी झोळी घेऊन निघतो, पण झोळी भरणे हे भक्ताचे कर्तव्य असते, स्वामीवरचे उपकार नव्हेत. सुगीला ज्वारीचे पोते मठात जाते, कोणी भाषण करीत नाही, कोणी डोळ्यांना पदर लावीत नाही.

आपल्याकडेही मुष्टिफंड होताच. स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकायचे आणि महिन्याच्या शेवटी वसतिगृहाचा मुलगा येऊन ते घेऊन जायचा. ते मडके कोणत्या साली फुटले कोण जाणे. आज एका सत्कार समारंभाचा मंडप, ध्वनिक्षेपक, पुष्पगुच्छ, शाली आणि जेवणावळ यांचा खर्च काढून पाहावा. एखाद्या बालवाडीच्या बाईंचा वर्षभराचा फंड त्यातून सहज भरता येईल. येत्या वार्षिक सभेत आम्ही आमच्या संस्थेत हा विषय लेखी देणार आहोत. सूचक आम्ही आहोत. अनुमोदक अजून मिळालेला नाही.