एका ओळीत वीज तोडणाऱ्यालाही परमिट हवे

वीज उपकेंद्रात फीडर बंद करण्याची एक जुनी शिस्त आहे. लाइनवर चढणारा तंत्रज्ञ आधी परमिट मागतो. यंत्रचालक फीडरचे नाव आणि वेळ लॉगबुकात लिहितो, मगच ब्रेकर उघडतो. लाइन तपासून अर्थ केली जाते आणि ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत केल्याशिवाय पुरवठा सुरू होत नाही. या शिस्तीत कसूर झाली की माणसे जिवाला मुकतात, म्हणून ती टिकली आहे. बँका, रुग्णालये आणि विद्यापीठांच्या सर्व्हर रूममध्ये मात्र वीज तोडण्या-जोडण्याचे काम आता कीबोर्डवर आले आहे. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून एंटर दाबला की यूपीएसवरचा सगळा लोड जातो. तिथे बहुतेकदा परमिट नसते आणि दुसऱ्या माणसाची नजरही नसते. वीज-उपकरणे हाताळायला कमांड लाइनइतके चांगले साधन नाही, असेच माझे मत आहे. पण विजेच्या धंद्याने मोठी किंमत मोजून कमावलेली शिस्त या साधनाबरोबर आलेली नाही आणि ती आता आणलीच पाहिजे.

साधन चांगले का, ते आधी पाहू. ‘नट’ म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स ही मोफत मिळणारी प्रणाली अनेक कंपन्यांच्या यूपीएसशी एकाच भाषेत बोलते. अवस्था विचारली की दोन अक्षरांत उत्तर येते: ‘ओएल’ म्हणजे मेन्सवर, ‘ओबी’ म्हणजे बॅटरीवर, आणि त्यापुढे ‘एलबी’ दिसले की बॅटरी संपत आली. ते दिसताच सर्व्हर आपोआप रीतसर बंद करता येतात. कनेक्शन कितीही संथ असो, हे काम अडत नाही. वीज परत देताना सगळे एकदम सुरू न करता ठरलेल्या क्रमाने, अंतर ठेवून सुरू करता येते. या क्रमाचे मोल मे 2017 मध्ये ब्रिटिश एअरवेजला कळले. हीथ्रोजवळच्या डेटा सेंटरमध्ये तुटलेली वीज अनियंत्रितपणे परत आल्याने यंत्रणा बिघडली आणि सुमारे 75 हजार प्रवासी अडकले. धोकाही याच साधनात आहे. ‘शटडाउन रिटर्न’ दिले तर मेन्स आल्यावर यूपीएस लोड पुन्हा उचलतो, ‘शटडाउन स्टेऑफ’ दिले तर तो बंदच राहतो आणि सुरू करायला कोणाला तरी रात्री तिथे धाडावे लागते. सर्व्हरला ‘पॉवर सॉफ्ट’ म्हटले तर तो फाइली नीट बंद करून थांबतो. ‘पॉवर ऑफ’ म्हटले तर त्याच क्षणी वीज जाते, मग डेटाबेस अर्धवट लिहून झालेला का असेना. एका शब्दाचा हा फरक दमलेल्या माणसाच्या बोटांवर सोडून चालणार नाही.

यावर कोणी म्हणेल की मग चित्रे आणि बटणे असलेला पडदाच बरा, तो निदान ‘नक्की का?’ असे विचारतो. 23 डिसेंबर 2015 ला युक्रेनमध्ये काय झाले ते पाहावे. तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत घुसलेल्या हल्लेखोरांनी ब्रेकर उघडले ते माउसनेच, आणि समोर बसलेले कर्मचारी माउसचा बाण पडद्यावर आपोआप फिरताना बघत होते. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. नियंत्रण कक्षांना वीज देणारे यूपीएस बंद होण्याची वेळही हल्लेखोरांनी आधीच लावून ठेवली होती. काही तासांत पुरवठा परतला तो कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर जोडले म्हणून. तेव्हा बटण असो की लिहिलेली आज्ञा, ती देण्याचा अधिकार कोणाला आहे हा प्रश्न सुटत नाही. उलट लिहिलेली आज्ञा जशीच्या तशी नोंदवता येते, देण्याआधी दुसऱ्याला वाचायला देता येते. माउसच्या क्लिकला ती सोय नाही.

दुसरा आक्षेप घाईचा, आणि तो रास्त आहे. बॅटरीवर दहा मिनिटे उरली असताना सही कोणाची घ्यायची? पण बॅटरी संपत आल्यावर काय बंद करायचे हे आधीच ठरवून यंत्राला सांगून ठेवता येते. ते परमिट शांत वेळी दिलेले असते. शिस्त हवी ती हाताने दिलेल्या आज्ञांना. ‘नट’मध्ये प्रत्येक वापरकर्त्याला कोणत्या आज्ञा देता येतील हे नेमून देता येते. रात्रपाळीच्या माणसाला बॅटरीची चाचणी घेता यावी, लोड तोडता येऊ नये, एवढे सहज जमते. पण तिथेच ‘ऑल’ लिहून सगळे मोकळे सोडण्याची सोयही आहे, आणि घाईच्या कामात हात तिकडेच जातो.

मग यूपीएस नेटवर्कला जोडूच नयेत का? मार्च 2022 मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने इशारा दिला की इंटरनेटला जोडलेल्या यूपीएसमध्ये लोक घुसत आहेत, आणि बहुधा कारखान्यातून आलेला, कधीच न बदललेला पासवर्ड वापरून. इंटरनेटपासून ते तोडावेत हे खरेच. पण पूर्ण एकटे पाडलेल्या यूपीएसची बॅटरी मेली तरी कळत नाही, कळते ते थेट वीज गेल्यावर. त्यापेक्षा माहिती वाचण्याची वाट आणि आज्ञा देण्याची वाट वेगळी करावी आणि दुसरी वाट एका बंदिस्त नेटवर्कपुरती ठेवावी. आपल्या रुग्णालयांच्या आणि सहकारी बँकांच्या निविदांत किती केव्हीए, किती मिनिटांचा बॅकअप, किती वर्षांची वॉरंटी, हे नेमाने विचारले जाते. लोड तोडण्याची आज्ञा कोण देऊ शकतो, ती कुठे नोंदली जाते आणि पहिल्या दिवशी पासवर्ड बदलण्याची जबाबदारी कोणाची, हेही त्याच कागदावर लेखी मागावे.