बोटीतली खोली आणि आपली गाणी

मैत्रिणींनो, मुंबईहून गोव्याला बोटीने जाऊन यायची हौस हल्ली आपल्यासारख्या घरांतही शिरली आहे. बॅलार्ड पिअरला संध्याकाळी चढायचं, दोन-तीन रात्री पाण्यावर काढायच्या, मध्ये मुरगावला उतरून जरा गोवा बघायचा, की परत. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला आम्हीही जाऊन आलो. हे, मी, सासूबाई आणि आमची तेरा वर्षांची लेक. बरोबर कपडे किती घ्यावेत, बोट लागू नये म्हणून काय करावं, हे सांगणाऱ्या तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी आज लिहिणार आहे त्या खोलीतल्या गाण्यांबद्दल. कारण आमची फजिती झाली ती तिथेच.

खोली म्हणजे किती म्हणता? माझ्या स्वयंपाकघराहून जेमतेम मोठी. दोन पलंग खाली, दोन भिंतीतून उघडणारे वरती. खिडकी नाही. सामान लागलं, आणि मी मोठ्या उत्साहाने लहानसा स्पीकर काढून आरशाखालच्या फळीवर ठेवला. घरी सकाळचा रेडिओ सासूबाईंचा, संध्याकाळचा टीव्ही ह्यांचा, आणि लेकीचे कान तर कायमचे बुजलेले. म्हटलं, निदान सुटीत तरी माझी गाणी! दुसरं गाणं अर्धंही झालं नसेल, तोच दारावर टकटक. शेजारच्या खोलीतली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान अशी एक मुलगी खांद्यावर बाळ घेऊन उभी. "ताई, आत्ताच झोपलं होतं हो."

त्या 'होतं'मध्ये सगळं आलं. रात्र-रात्र जागून पोर वाढवलेल्या बाईला तरी ते समजायला हवं होतं ना? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ह्यांनी भिंतीवर बोटाने वाजवून दाखवलं. बोटीच्या खोल्यांच्या भिंती विटांच्या नसतात. पातळ पोलादी पत्रे, आणि मध्ये आगीपासून बचाव म्हणून न जळणारी लोकर भरलेली. साधं बोलणं त्यातून फारसं पलीकडे जात नाही. पण तबल्याचा बायाँ, ढोलकीची थाप, नव्या गाण्यांतली ती धडधड पत्र्यातून सरळ शेजारी जाते. फळी भिंतीलाच जोडलेली, म्हणजे मी जणू शेजारणीच्या उशाशीच डबा बडवत होते. तेव्हा स्पीकर कधीही फळीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. टॉवेलाची चौपदरी घडी करून पलंगावर ठेवा, तोंड आपल्याकडे. मग एकीने बाहेर जाऊन दार ओढून घ्यावं आणि ऐकावं. बाहेर ऐकू आलं तर आवाज जास्त. खोलीला गॅलरी असली तर तिथे लावायचा मोहही नको, दोन गॅलऱ्यांत नुसता एक आडपडदा असतो.

(त्या पोलादी भिंतींचा एक फायदा मात्र आहे. फ्रिजवर चिकटवतो तसले लोहचुंबकाचे हुक तिथे छान बसतात. पिशव्या, ओले रुमाल, इअरफोनच्या वायरी सगळं टांगता येतं. चार हुक न्याच.)

विजेचंही सांगून ठेवते. खोलीत पिना लावायच्या जागा मोजक्या, आणि फोन चार. तुम्ही म्हणाल, घरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ. बहुतेक बोटींवर तो चालत नाही. आगीची भीती असते, सामान यंत्रातून जातं तेव्हाच काढून ठेवतात. म्हणून बॅटरीवर चालणारा लहान स्पीकर घरूनच पुरता भरून न्यावा. पण 'चालेल ना?' हे तिकीट काढतानाच विचारा. नियम बोटीगणिक निराळे.

आता खरी गोष्ट.

आमच्या मामंजींचा गळा गोड होता. आळीतल्या भजनी मंडळात ते पुढे बसत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. १९८७ साली कुणीतरी घरीच टेप लावून त्यांचा एक अभंग भरून घेतला होता. ती कॅसेट मागच्या वर्षी माळ्यावर सापडली, आणि लेकीने खटपट करून तिच्यातलं गाणं फोनवर आणलं. ऐकायला काही फार नाही हो. टेपची खरखर, मध्येच कुकरची शिट्टी. आणि दुसऱ्या कडव्याला सासूबाईंचा, तेव्हाच्या तरण्या सासूबाईंचा, आवाज येतो, "अहो, दूध उतू गेलं ना!" मामंजी न थांबता तालातच "थांब गं" म्हणतात आणि पुढे जातात. बस एवढंच. पण रोज सकाळी चहाच्या आधी सासूबाईंना ते लागतं. घरी मी फोनवर लावून देते आणि कणीक मळायला घेते.

बोटीवरच्या पहिल्या सकाळी त्या उठून, केस विंचरून, हात मांडीवर ठेवून बसल्या. मी फोन घेतला. पडद्यावर नाव दिसतंय, लेकीने लावलेला मामंजींचा फोटो दिसतोय, बोटाने दाबतेय, आणि नुसतं चक्र फिरतंय. लेक वरच्या पलंगावरून वाकून म्हणाली, "आई, ते नेटवर ठेवलंय गं. फोनमध्ये नाहीये." समुद्रात आत गेलं की किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांची रेंज संपते. बोटीचं इंटरनेट उपग्रहावरून येतं, त्याचे पैसे वेगळे. ते आम्ही घेतलं नव्हतं.

रिकाम्या डब्यावर 'रवा' अशी चिठ्ठी असावी ना, तसं. वर्षभर मी समजत होते, मामंजींचं गाणं आपल्याकडे आहे.

ह्यांनी काही न बोलता पाकीट उचललं आणि खालच्या मजल्यावर इंटरनेटची चौकशी करायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे रे. गोवा आलं की लागेल." आणि मग विषय बदलायलाच असेल, त्या बोलू लागल्या. त्यांचं माहेर मालवणचं. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जात. खोली कसली नि काय! डेकवर सतरंजी टाकायची, ट्रंकेला टेकायचं, आणि कुणीतरी भजन सुरू केलं की सगळ्यांनी धरायचं. "अगं, निम्म्या बायका ओकत असायच्या, पण ओकून आल्या की परत टाळ धरायच्या." आम्ही हसलो. त्याही हसल्या. पण चहा त्यांनी अर्धाच घेतला. ते मी पाहिलं.

दुपारी किनारा दिसू लागला तशी रेंज आली, आणि लेकीने पहिलं काम ते केलं. अभंग फोनच्या आत उतरवून घेतला.

म्हणून सांगते, निघण्याआधी दोन दिवस ही परीक्षा घरी घ्याच. फोन 'विमानात' ठेवायचा, म्हणजे एअरप्लेन मोड, आणि घरचं वायफायही बंद. मग हवं असलेलं एकेक गाणं लावून बघायचं. वाजलं तर ते तुमच्याजवळ आहे. नाही वाजलं तर नुसती चिठ्ठी आहे. गाण्यांच्या ॲपवर फुकटात ऐकत असाल तर बहुधा गाणी उतरवून ठेवता येत नाहीत. त्याला वर्गणी लागते. आणि वर्गणी भरूनही स्पॉटिफायसारख्या ॲपला तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेट दाखवावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणीही गप्प होतात. घरच्या आवाजांचं तर कुठलंच ॲप बघणार नाही. बाळाची पहिली बडबड, वडिलांचं बोलणं, आईने म्हटलेली ओवी, हे सगळं फोनमध्ये आणि शिवाय पेनड्राइव्हवर हवंच. आमच्याकडे सारेगामाचा तो जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा कारवां आहे. २०१७ साली निघाला तेव्हा पाच हजार गाणी आत घालूनच आला होता. त्याला इंटरनेट लागत नाही, पेनड्राइव्हही लागतो. वडीलधाऱ्यांना बोटं फिरवत बसण्यापेक्षा तो सोपा. आम्ही तो घरी ठेवून गेलो होतो, ही आमची अक्कल.

बोटीवरही फोन 'विमानात'च असू द्या. नाहीतर काही बोटींचं स्वतःचं नेटवर्क तो आपणहून पकडतो आणि घरी आल्यावर बिल बघून डोळे पांढरे होतात. ब्लूटूथ तेवढं वेगळं चालू करता येतं, स्पीकरला तेवढं पुरतं.

रात्री मात्र स्पीकर नकोच, इअरफोन बरे. तेही दोन्ही कान बंद करून झोपू नये. निघताना कवायत करून घेतात तेव्हा भोंगा ऐकवतात. सात छोटे आणि एक लांब, म्हणजे संकट. लेकीला मी तीनदा म्हणायला लावलं. तिने डोळे फिरवले, फिरवू देत.

माझी गाणी? ती परतीच्या रात्री ऐकली. एका कानात इअरफोन घालून, दुसऱ्या कानात ह्यांचं घोरणं. पुढच्या खेपेला यादी करून नेणार आहे.

त्याच्या आधी, परतीच्या पहाटे, आवाज अगदी बारीक करून मी अभंग लावला आणि फोन सासूबाईंच्या उशीखाली सरकवला. शेजारी बाळ झोपलेलं असणार. दूध उतू गेलं तेव्हा त्या नेहमीसारख्या ओठांतल्या ओठांत मामंजींआधी "थांब गं" म्हणाल्या.

काल मी बाजारात निघाले, तर त्यांनी पेनड्राइव्ह आणायला सांगितला. एक नाही, दोन. एक नणंदेकडे पाठवायचा आहे म्हणे.